चूक कोण सोसतं, स्प्रिंग की कातडी

"रोटरी स्किनवर सॉफ्ट, कॉइल स्किन फाडते." टॅटू करणारी चार माणसं एकत्र बसली की हे वाक्य कुणीतरी टाकतंच आणि बाकीचे माना डोलावतात. रोटरी म्हणजे मोटरवर चालणारी टॅटू मशीन, कॉइल म्हणजे लोहचुंबकावर चालणारी. मी हे इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय, पण जसजसं काम वाढत गेलं तसतसं मला वाटायला लागलं की ह्यात मशीनला उगाच श्रेयही दिलंय आणि उगाच दोषही. स्किनला इजा होते ती सुई आत असताना हात हलल्यामुळे, एकाच जागेवरून परत परत गेल्यामुळे आणि सुई नको तितकी खोल उतरल्यामुळे. मशीनच्या डिझाईनचा ह्या तिन्हींवर परिणाम होतो, चांगलाच होतो, फक्त तो आडवळणाने होतो. आणि ते आडवळण कळलं नाही तर कितीही महागाची पेन मशीन, म्हणजे पेनाच्या आकाराची रोटरी, हातात घ्या, काम ओरबाडलेलंच दिसणार.

आधी आत काय असतं ते बघू. रोटरी उघडली तर वाटतं, एवढंच? एक छोटी डीसी मोटर, तिच्या दांड्यावर एक गोल तुकडा, आणि त्या तुकड्यावर बरोबर मध्यात न बसवता जरा बाजूला बसवलेलं बेअरिंग किंवा पिन. ह्या तुकड्याला कॅम म्हणतात. मोटर फिरली की ते बेअरिंग गोल फिरतं आणि त्या गोल फिरण्यातला फक्त खाली-वर होणारा भाग सुईला मिळतो. बेअरिंग मध्यापासून जितकं बाजूला, त्याच्या दुप्पट सुईचा प्रवास, म्हणजे १.७५ मिमी बाजूला असेल तर स्ट्रोक ३.५ मिमी. झालं, संपलं. मोटर मिनिटाला ६००० फेरे मारत असेल तर सुई सेकंदाला १०० वेळा खाली येणार, आणि दर वेळी तेवढीच येणार, समोर मऊ पोट असो की हाडावरची ताणलेली कातडी.

हे "दर वेळी तेवढीच" फार महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे परत येते.

रोटरी ही नवी गोष्ट आहे असं बऱ्याच जणांना वाटतं पण तसं नाही. एडिसनने १८७६ मध्ये इलेक्ट्रिक पेनचं पेटंट घेतलं, कागदाला बारीक भोकं पाडून त्यावरून प्रती काढायच्या म्हणून, आणि त्या पेनच्या डोक्यावर छोटी मोटर होती जी सुई खाली-वर करायची. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायलीने १८९१ मध्ये टॅटूच्या इलेक्ट्रिक मशीनचं पेटंट घेतलं ते ह्याच कल्पनेच्या आधाराने. म्हणजे सुरुवातच रोटरीने झालेली. कॉइल मशीन मागून आली आणि मग विसाव्या शतकाचा मोठा भाग तिनेच खाल्ला.

कॉइलचा सगळा कारभार वेगळा. दोन कॉइलमधून करंट गेला की त्या लोहचुंबक होतात आणि वरची लोखंडी पट्टी खाली ओढतात, पट्टी खाली आली की कॉन्टॅक्ट तुटतो, करंट जातो, स्प्रिंग पट्टीला परत वर नेते, कॉन्टॅक्ट लागतो, परत तेच. इथे सुई त्या पट्टीला लटकते, मोटरच्या दांड्याला पक्की जोडलेली नाही. समोर जास्त विरोध आला तर पट्टी थोडी अडखळते आणि सुई थोडी कमी जाते. म्हणजे मशीनच्या आतच थोडी माफी आहे. जुने लोक कॉइलचे स्प्रिंग वाकवत बसायचे, स्क्रू पाव फेरा फिरवून कान लावून ऐकायचे, ते ह्याच माफीचं माप ठरवत होते. नीट ट्यून केलेली कॉइल स्किन अजिबात फाडत नाही. फाडते ती वाईट ट्यून केलेली, जिची पट्टी थडथड आपटते आणि जिची सुई डुगडुगते. त्यामुळे सुरुवातीच्या त्या वाक्यात तुलना होते ती बिघडलेली कॉइल आणि नवी कोरी रोटरी ह्यांची, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता स्किन. सुईला पोचायचंय ते डर्मिसमध्ये, वरच्या थराच्या खाली, साधारण १ ते २ मिमीच्या पट्ट्यात. वरचा थर, एपिडर्मिस, शरीराच्या बहुतेक भागावर मिलीमीटरच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो, तळहात-तळपाय सोडून. तो सतत गळत आणि नवा होत असतो, म्हणून शाई तिथेच राहिली तर काही आठवड्यांत निघून जाते. आणि डर्मिसच्याही खाली चरबीत उतरली तर पसरते, रेषेच्या कडेला निळसर धूर आल्यासारखं दिसतं, त्यालाच ब्लोआउट म्हणतात आणि त्याला नंतर काही उपाय नसतो, म्हणजे लेझर सोडून. सुई ही इंजेक्शनची नळी नाही हे पण लक्षात ठेवायला हवं, ती भरीव असते. शाई सुयांच्या मधल्या फटींत धरून ठेवलेली असते आणि सुई बाहेर येते तेव्हा मागे राहिलेल्या भोकात ती ओढली जाते. म्हणजे सुई जोरात घुसणं एवढंच काम नाहीये, ती स्वच्छ बाहेर येणंही तितकंच काम आहे.

आत गेलेल्या शाईचं काय होतं तेही मला भारी वाटतं. शरीराला ती घुसखोर वाटते, मॅक्रोफेज पेशी धावत येतात, कण गिळतात आणि पचवू शकत नाहीत म्हणून तशाच धरून बसतात. फ्रान्समध्ये मार्सेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं की ह्या पेशी मेल्या तरी सुटलेले कण शेजारच्या नव्या पेशी परत उचलतात, म्हणून टॅटू टिकतो. थोडक्यात टॅटू म्हणजे मुद्दाम केलेली जखम आणि शरीराने तिची घेतलेली दखल. इजा शून्य करता येणार नाही, करायचीही नाही. प्रश्न फक्त एवढाच की जेवढी लागते तेवढीच होतेय का.

इथे स्ट्रोकचा विषय येतो आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ असतो. स्ट्रोक म्हणजे खोली नव्हे. स्ट्रोक म्हणजे सुईचा एकूण प्रवास, आणि खोली ठरते ती सुई सगळ्यात खाली असताना टिपच्या, म्हणजे मशीनच्या तोंडाच्या, बाहेर किती आलीये आणि हाताने किती दाबलंय ह्यावर. ४.५ मिमी स्ट्रोकच्या मशीनने १ मिमी खोल काम करता येतं आणि २.५ मिमीच्या मशीनने ब्लोआउट करता येतो. मग स्ट्रोकने नक्की काय बदलतं?

मी एकदा कागद घेऊन बसले आणि हिशोब मांडला. कॅम गोल फिरतो म्हणजे सुईची चाल साइन वेव्हसारखी असते, दोन्ही टोकांना क्षणभर थांबते आणि मध्ये सगळ्यात जोरात असते. धरा की सुई १.५ मिमी आत जातेय आणि सेकंदाला १०० फटके आहेत. स्ट्रोक ३.५ असेल तर प्रत्येक फटक्यातला साधारण ४५ टक्के वेळ सुई स्किनच्या आत असते. स्ट्रोक ४.५ केला तर ३९ टक्के. आणि २.५ केला तर ५६ टक्के! म्हणजे ज्या छोट्या स्ट्रोकला सगळे सॉफ्ट म्हणतात त्यात सुई निम्म्याहून जास्त वेळ आतच बसलेली असते. उलट स्किनला भिडतानाचा वेग बघितला तर २.५ ला सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास येतो आणि ४.५ ला सव्वा मीटरच्या वर. खरी स्किन ह्या हिशोबाइतकी सरळ वागत नाही, ती आधी खाली दबते आणि सुई निघताना तिला चिकटून वर येते, त्यामुळे आकडे जरा इकडेतिकडे होतील, पण दिशा तीच राहते. मोठा स्ट्रोक जोरात मारतो आणि पटकन निघतो, छोटा हळू मारतो आणि रेंगाळतो.

आता ह्यात हात आणा. लाईन ओढताना हात सेकंदाला २ सेंटीमीटर सरकतोय असं समजू, तर ३.५ च्या स्ट्रोकला सुई आत असताना हात ०.०९ मिमी पुढे गेलेला असतो आणि २.५ ला ०.११ मिमी. आकडा चिमुकला वाटतो पण तो प्रत्येक फटक्याला आहे, सेकंदाला १०० वेळा, आणि दर वेळी सुई आतून कडेला ओढली जातेय, कापडात अडकलेली टाचणी न काढताच कापड खेचावं तशी. स्किन चावल्यासारखी होते, लाल होते, पाण्यासारखी लस पाझरायला लागते, ती इथून. भोकांमुळे होणारी जखम वेगळी आणि ह्या आडव्या ओढण्याने होणारी वेगळी, आणि माझ्या मते जाड खपली आणि नंतर हाताला लागणारी उठलेली रेष बहुतेक वेळा ह्या दुसऱ्या प्रकारातून येते.

मग छोटा स्ट्रोक वाईट का? नाही ना. खोली १.५ ऐवजी १ मिमीवर आणली की २.५ च्या स्ट्रोकलाही आत असायचा वेळ परत ४४ टक्क्यांवर येतो. म्हणूनच तो हलक्या हाताच्या ब्लॅक अँड ग्रे शेडिंगला, ओठ-भुवयांच्या कामाला छान बसतो, कारण तिथे आपण उथळच राहतो आणि हात झुलवत नेतो. तोच स्ट्रोक घेऊन जाड लाईन ओढायला गेलं की सुई पुरती मागे येत नाही, टिपमधली शाई तिला नीट लागत नाही, लाईन तुटक येते, मग माणूस दाबतो, मग तीच लाईन दुसऱ्यांदा ओढतो, आणि सॉफ्ट मशीनने कॉइलपेक्षा जास्त वाट लावलेली असते.

लोक म्हणतात अमुक आर्टिस्टचा हात हलका आहे. हलका म्हणजे कमी दाबणारा असं समजलं जातं, पण ज्यांची कामं छान हील होतात त्यांचे हात मी जवळून बघितलेत आणि ते अजिबात हलके वाटत नाहीत. स्ट्रेच करणारा हात तर अक्षरशः राबत असतो, तीन बाजूंनी स्किन ढोलासारखी ताणलेली, कारण ताणलेली स्किन सुईबरोबर ओढली जात नाही आणि भोक स्वच्छ पडतं. हलकेपणा असतो तो फेऱ्यांमध्ये. एका जागेवरून एकदा, फार तर दोनदा. नऊ सुयांचं मॅग्नम, म्हणजे शेडिंगसाठी शेजारी शेजारी लावलेल्या सुयांचा संच, सेकंदाला १०० फटक्यांनी चालवलं तर सेकंदाला ९०० भोकं पडतात, म्हणजे नखाएवढ्या जागेत पाच सेकंद गोल गोल फिरत बसलात तर साडेचार हजार. तिथे मशीन रोटरी होती की कॉइल हे कातडीला विचारून काय उपयोग.

आता ते "दर वेळी तेवढीच". डायरेक्ट ड्राइव्ह रोटरीत, म्हणजे जिथे कॅम आणि सुईच्या मध्ये काहीच मऊ नाही तिथे, मशीन अजिबात मागे हटत नाही. हात अर्धा मिलीमीटर जास्त खाली गेला तर सुई अर्धा मिलीमीटर जास्त आत जाणार. कॉइलमध्ये ह्या चुकीतला थोडा भाग स्प्रिंगने खाल्ला असता, इथे तो पूर्ण स्किनला मिळतो. म्हणून मग डिझाईन करणाऱ्यांनी रोटरीत परत माफी घातली, कुणी मध्ये स्प्रिंग टाकली, कुणी रबराचा तुकडा, कुणी बाहेर फिरवायचं बटण दिलं ज्याने ती कमी-जास्त करता येते. ह्यालाच आपण गिव्ह म्हणतो. गिव्ह जास्त ठेवला की सुई विरोध आला की मागे सरते, पोर्ट्रेटमधल्या गालाच्या शेडसाठी, वयस्कर माणसाच्या कागदासारख्या कातडीसाठी, दंडाच्या आतल्या बाजूसाठी हे वरदान आहे.

पण तो गिव्ह तसाच ठेवून चौदा सुयांचा लाइनर, म्हणजे रेषेसाठीचा सुयांचा जुडगा, लावला तर? एवढ्या सुया एकदम घुसवायला जोर जास्त लागतो, तो जोर स्प्रिंगच पिऊन टाकते आणि सुया अर्धवट आत जातात. हील झाल्यावर लाईनीत पांढरी छिद्रं दिसतात. आणि ते तेव्हाच लक्षात आलं तर माणूस परत त्यावरून जातो, म्हणजे आधीच उघडलेल्या स्किनवर परत तेच. मला हे फार खटकतं की गिव्ह म्हणजे कमी इजा असं सरसकट विकलं जातं. गिव्ह म्हणजे फक्त हातातली चूक कुणी सोसायची ह्याची वाटणी. उथळ कामात ती स्प्रिंगने सोसलेली बरी. ठसठशीत लाईनला मशीन कडकच हवी, आणि मग चूक करायला जागा नाही हे हाताला आधीच माहीत असायला हवं, कोपर टेकवलेलं हवं, श्वास लाईनबरोबर सोडायला हवा.

आणखी एक गोष्ट गेली आहे ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आवाज. कॉइल बोलायची, सुई खोल गेली की सूर बसायचा, कान लगेच सांगायचा की उचल. साध्या ब्रशवाल्या रोटरीतही थोडं असं होतं, लोड आला की मोटर जरा मंदावते आणि गुणगुण खाली येते. आता बऱ्याच नव्या ब्रशलेस मशीनमध्ये सेन्सर असतो, मोटर मंदावतेय म्हटलं की सर्किट लगेच जास्त करंट देऊन वेग जागेवर आणतं. कामासाठी हे उत्तम आहे, फटके एकसारखे पडतात, भोकांमधलं अंतर बदलत नाही. पण स्किन जो विरोध करत होती त्याची बातमी आपल्यापर्यंत येईनाशी झाली, मशीनने ती परस्पर मिटवून टाकली. मग राहतात डोळे आणि बोटं. ह्या मशीनवर मी स्ट्रेचच्या हाताची बोटं सुईच्या शक्य तितक्या जवळ ठेवते, कारण तिथली थरथर बदललेली कळते, आणि पुसताना थांबून बघते, नुसता ओला चकाकणारा लालसरपणा आहे की कातडीचा पोत खरखरीत झालाय. पोत बदलला की त्या जागेचं त्या दिवसाचं काम संपलं, डिझाईन पूर्ण झालं असो वा नसो. सावळ्या आणि गडद स्किनवर लालसरपणा पटकन दिसतच नाही, तिथे तर पोत आणि सूज ह्यावरच भिस्त, आणि अशा स्किनवर जास्त इजेने नंतर काळे डाग राहण्याची, केलॉइड, म्हणजे जखमेपलीकडे वाढणारा जाड वण, उठण्याची शक्यताही जास्त, त्यामुळे तिथे एक फेरी कमीच बरी.

कार्ट्रिजचंही, म्हणजे सुया बसवलेल्या बदलायच्या डबीचंही, डिझाईन ह्यात येतं. पेन मशीनमध्ये मोटर सुईला फक्त खाली ढकलते, परत वर आणायचं काम कार्ट्रिजमधलं रबरी मेम्ब्रेन करतं. तेच मेम्ब्रेन शाई आणि रक्त मशीनच्या आत जाण्यापासून अडवतं, म्हणून ते असायलाच हवं, त्यात तडजोड नाही. पण ते ढिलं असेल तर सुई वेळेत मागे येत नाही, विशेषतः वेग वाढवल्यावर, आणि मग सुई आत रेंगाळते, म्हणजे वरचा सगळा हिशोब बिघडला. फार कडक असेल तर मोटरचा जोर ते वाकवण्यातच जातो. काम बिघडलं की सगळे मशीनला शिव्या घालतात आणि स्वस्तातल्या कार्ट्रिजकडे कुणी बघतसुद्धा नाही.

व्होल्टेजचं तेच. "तू किती व्होल्टला चालवतोस?" हा प्रश्न मला निरर्थक वाटतो, कारण एका मशीनचे सात व्होल्ट म्हणजे दुसरीचे सात नव्हेत, मोटर वेगळी तर वेग वेगळा. विचारायचं तर सेकंदाला फटके किती आणि हात किती वेगाने जातो हे विचारावं. प्रॅक्टिस स्किनवर, म्हणजे सरावाच्या रबरी कातडीवर, एक प्रयोग प्रत्येकाने करावा असं मला मनापासून वाटतं. वेग कमी ठेवायचा, एकच सुई लावायची आणि हात मुद्दाम झरझर न्यायचा. ठिपके सुटे पडलेले दिसतात. ६० फटके आणि हात सेकंदाला २ सेंटीमीटर असेल तर दोन ठिपक्यांत साधारण एक तृतीयांश मिलीमीटर. मग वेग वाढवत न्यायचा आणि हात तसाच ठेवायचा, ठिपके जवळ येत येत लाईन होते. मग आणखी वाढवा, लाईन अजून चांगली होत नाही, फक्त त्या पट्ट्यातलं रबर कुरतडायला लागतं. पेपर शेडिंगला, म्हणजे मिरपूड भुरभुरल्यासारख्या ठिपक्यांच्या शेडिंगला, ते सुटे ठिपकेच हवे असतात, लाईनला ते जुळण्याची हद्द हवी असते, आणि त्या हद्दीच्या पुढचा प्रत्येक फटका ही फुकटची जखम. आपल्या हाताची ही हद्द एकदा डोळ्यांनी बघितली की नॉबवरचे आकडे बघायची सवय आपोआप सुटते.

नवीन शिकणारी मुलं विचारतात की पहिली मशीन कुठली घेऊ. मी सांगते ३.५ मिमी स्ट्रोकची साधी डायरेक्ट ड्राइव्ह घे, गिव्हचं बटण नसलेली, आणि वर्षभर तीच वापर. ह्यावर माझ्या ओळखीतले काही चांगले आर्टिस्ट वाद घालतात, म्हणतात नवख्याच्या हातात माफी असलेली मशीन द्यावी, क्लायंटची स्किन वाचेल. त्यांचा मुद्दा मला पटतो, पण माझं म्हणणं की नवख्याने क्लायंटच्या स्किनवर यायलाच वेळ घ्यावा. प्रॅक्टिस स्किनवर कडक मशीन प्रत्येक चूक जशीच्या तशी दाखवते आणि हात त्यातून शिकतो, स्प्रिंगने झाकलेली चूक तशीच राहून जाते आणि मग वर्षांनी मोठा लाइनर लावल्यावर उघडी पडते, तीही कुणाच्या तरी बरगडीवर. आणि दुसरं सांगते की केलेल्या प्रत्येक टॅटूचा महिन्याभराने फोटो मागव, शेजारी स्ट्रोक, फटके, सुई, किती फेऱ्या मारल्या ते लिहून ठेव. ताजा टॅटू सगळ्यांचाच छान दिसतो.